समुद्री केबलच्या कारखान्यात यायचं ठरवण्याआधी

१३२ केव्ही (किलोव्होल्ट) केबलच्या सीसीव्ही लाइनवर, म्हणजे झोल दिलेल्या लांब ट्यूबमधून केबल नेत इन्सुलेशन चढवणाऱ्या लाइनवर, सहा वर्षं ऑपरेटर म्हणून काढल्यावर उत्तर युरोपातल्या समुद्री केबलच्या कारखान्याची ऑफर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, घ्या. मशीनची धास्ती बाळगू नका. कंडक्टरवर आतला सेमिकॉन (अर्धवाहक थर), इन्सुलेशन आणि बाहेरचा सेमिकॉन एकाच क्रॉसहेडमधून, म्हणजे तिन्ही थर एकदम चढवणाऱ्या तोंडातून, चढवणं, मग नायट्रोजनच्या दाबाखाली ट्यूबमध्ये क्युअरिंग (उष्णतेने पक्कं करणं), हे सगळं तुमच्या हातचं आहे. इथे लाइन बऱ्याचदा उभी असते, शंभर मीटरहून उंच टॉवरमध्ये. जाड इन्सुलेशन मऊ असताना एका बाजूला ओघळू नये, म्हणून.

खरा फरक लांबीचा. जमिनीखालची केबल ड्रमवर मावेल एवढीच करतात, साधारण हजार मीटरच्या आसपास. समुद्रात मात्र जोड जितके कमी तितकं बरं, म्हणून केबल अखंड किलोमीटरच्या किलोमीटर टर्नटेबलवर (फिरत्या प्रचंड थाळीवर) गुंडाळत जाते आणि तिथून थेट जहाजात. कार्ल्सक्रोना (स्वीडन), हाल्डेन (नॉर्वे), पिक्काला (फिनलंड) इथले कारखाने पाण्याला लागून आहेत ते याचसाठी. त्यामुळे एक रन कित्येक दिवस चालते, आणि मध्ये थांबायची सोय नसते. क्रॉसहेडमध्ये अडकून राहिलेलं कंपाउंड (इन्सुलेशनचं प्लास्टिक) हळूहळू जळतं, त्याचे पिवळट-तपकिरी कण सुटून इन्सुलेशनमध्ये येतात.

माझ्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. रात्रपाळीला फिल्टरजाळीपुढचं मेल्ट प्रेशर, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा दाब, हळूहळू चढत होतं; जाळी तुंबत असल्याची ती खूण. मी ते पाहिलं होतं. सकाळी पाळी सोपवताना मोडक्यातोडक्या स्थानिक भाषेत ‘जरा जास्त आहे’ एवढंच बोललो. समोरच्याला वाटलं, नेहमीचंच. मला म्हणायचं होतं, ‘चढतंय आणि थांबत नाहीये.’ नंतर लॅबमध्ये इन्सुलेशनची पातळ चकती गरम सिलिकॉन तेलात टाकली. दुधी चकती काचेसारखी पारदर्शक झाली आणि आत तो तपकिरी ठिपका लख्ख दिसला. तेवढा तुकडा कापून फॅक्टरी जॉइंट करावा लागला, म्हणजे टोकं कारखान्यातच पुन्हा जोडावी लागली. त्या दिवसापासून मी आधी भाषा शिकायला बसलो. तुम्ही निदान लॉगबुकपुरती भाषा येण्याआधीच शिकून घ्या. ‘सगळे इंग्रजी बोलतात’ हे कॅन्टीनपुरतं खरं आहे, पहाटे सहाच्या पाळीबदलात नाही.

डीगॅसिंगबद्दल, म्हणजे इन्सुलेशनमधला वायू बाहेर काढण्याबद्दल, दोन शब्द. क्युअरिंगसाठी कंपाउंडमध्ये घातलेलं पेरॉक्साइड तुटल्यावर मिथेन, अॅसिटोफिनोन आणि क्युमिल अल्कोहोल मागे राहतात. मिथेन पेट घेणारा, म्हणून गरम खोलीत केबल दिवसेंदिवस ठेवतात, जाड इन्सुलेशनला तर आठवडे लागतात. डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) केबलमध्ये या अवशेषांचं महत्त्व आणखी वाढतं, कारण त्यांचा परिणाम इन्सुलेशनमध्ये साठणाऱ्या स्पेस चार्जवर (अडकून राहिलेल्या विद्युतभारावर) होतो. डीसीच्या कामात नवीन शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून वर शिशाचं आवरण येतं. त्या विभागात घातलं तर रक्तातल्या शिशाची तपासणी नियमित होते का, ते विचारा. संकोच करू नका, शरीर तुमचं आहे.

जमलं तर जॉइंटिंगला जायची इच्छा आधीच सांगून ठेवा. फॅक्टरी जॉइंट म्हणजे कंडक्टर जोडून त्यावर तेच तीन थर जवळजवळ मूळच्याच व्यासात पुन्हा उभे करायचे, स्वच्छ खोलीत, कित्येक दिवस, मग एक्स-रे. काम कंटाळवाणं वाटेल, पण हात आणि नजर जिथे घडते ती ही जागा. चांगल्या जॉइंटरला कामाची कमतरता पडलेली मी पाहिली नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: वर्क परमिट त्याच कंपनीला बांधलेलं आहे का, नोकरी गेली तर दुसरी शोधायला किती दिवस मिळतात, कुटुंबाचं परमिट सोबतच निघतं का, हे लेखी घ्या. हिवाळ्यात दिवसपाळीलाही अंधारात जाऊन अंधारात परतावं लागतं, घरच्यांना त्याची कल्पना द्या.

आणि मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारा: प्रेशर चढताना दिसलं आणि रात्री वरिष्ठ फोनवर मिळाले नाहीत, तर लाइनचा वेग कमी करायचा किंवा ती थांबवायचा अधिकार ऑपरेटरला आहे का? उत्तर द्यायला ते घुटमळले, तर माझ्या मते ती ऑफर सोडून दुसरी शोधा.