सोमालियात स्त्रियांना राजकीय नेतृत्व मिळतं का?
मिळतं, पण कुळाच्या मर्जीने, आणि खरी अडचण तिथेच आहे. 2012 साली फौजिया युसुफ हाजी आदन परराष्ट्रमंत्री आणि उपपंतप्रधान झाल्या. संसदेच्या जागा मात्र कुळांत वाटल्या जातात: चार मोठ्या कुळांना सारखा वाटा, बाकी सगळ्यांना मिळून त्याच्या निम्मा. बाई जन्माने वडिलांच्या कुळाची, लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली. माहेरचे म्हणतात ती आता परक्या घरची, सासरचे म्हणतात ती आपल्या रक्ताची नाही. मग तिला आपल्या वाट्याची जागा कोण देणार? 2000 साली जिबूतीतल्या आर्ता इथे शांतता परिषद भरली, तेव्हा सोमाली कार्यकर्त्या आशा हाजी एल्मी आणि सोबतच्या बायकांनी यावर जबरदस्त तोड काढली. पाच कुळगट बोलणीला बसले होते. यांनी स्वतःला 'सहावं कूळ' म्हणून जाहीर केलं आणि प्रतिनिधित्व मिळवलं. मला ही गोष्ट संसदेतल्या स्त्रियांच्या कोट्यापेक्षा मोठी वाटते. कोटा 30 टक्क्यांचा ठरलाय, पण 2022 मध्ये पूर्ण झालेल्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहात स्त्रिया जेमतेम एक पंचमांश आल्या. फक्त सगळा दोष या जागावाटपावर टाकू नका: सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलेल्या सोमालीलँडमध्ये थेट मतदान होतं, तरी 2021 ला तिथे संसदेसाठी उभ्या राहिलेल्या 13 स्त्रियांपैकी एकही निवडून आली नाही.