पॅलिएटिव्ह केअरमध्ये रोज मृत्यू पाहून नर्सना त्रास होत नाही का?

होतो. पण मृत्यूपेक्षा जास्त त्रास होतो तो आधीच थांबवता आली असती अशा वेदनेचा. मी पुण्यात पॅलिएटिव्ह वॉर्डात काम करते, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या वॉर्डात. आमच्याकडे येणारे बरेच पेशंट कित्येक रात्री झोपलेले नसतात, कारण मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) म्हणजे शेवट किंवा व्यसन, अशी भीती घरच्यांच्या मनात बसलेली असते. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बेताबेताने वाढवलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी द्यायची, सोबत पोट साफ होण्याचं औषध, आणि गुंगी-श्वासावर आमचं लक्ष. पहिल्यांदा सलग झोप लागली की पेशंटचा चेहराच बदलतो.

जखमांचंही तसंच. मिश्री लावणाऱ्या एका आजींच्या गालाला कॅन्सरने भोक पडलं होतं. वासामुळे घरचे दारापाशीच उभे राहायचे, आणि आजींना ते कळत होतं. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध द्यायचं, चिकटलेलं गॉज सलाईनने भिजवून हळूच सोडवायचं (ओढलं की रक्त येतं), मग मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्यांची पूड जखमेवर पसरायची. दोन-तीन दिवसांत वास उतरला. सूनबाई खुर्ची पलंगाला लावून त्यांची वेणी घालायला बसल्या. एवढ्यासाठी मी हे काम करते.

अवघड जातं ते वेगळंच. मुलगा बाहेर गाठून म्हणतो, "सिस्टर, आईला सांगू नका हं." आणि रात्री तीच आई हात धरून विचारते, "पोरी, खरं सांग, मी घरी जाईन का?" मी खोटं बोलत नाही. "तुम्हाला काय वाटतंय?" एवढंच विचारते. बहुतेकींना सगळं ठाऊक असतं; बोलायला कुणीतरी हवं असतं. मग सकाळी मुलाला आत बोलावून दोघांना समोरासमोर बसवायचं.

सिसिली सॉन्डर्सबाईंनी १९६७ मध्ये लंडनमध्ये पहिलं आधुनिक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. त्या मुळात नर्स होत्या. शरीराचं, मनाचं, घराचं दुखणं एकत्रच बघा, हे त्यांनीच शिकवलं.

तुमच्या घरी कुणी असेल तर उपचार चालू असतानाच पॅलिएटिव्ह टीमला भेटा. केमो थांबायची वाट बघू नका. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून मोफत चालतं, आणि पेशंटसोबत घरच्या माणसालाही तिथे राहता येतं.