वाचकांचे प्रश्न : जॉर्जियाचा शेतकरी आणि त्याच्या नावाखालची निनावी माणसे

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत अटलांटा येथे राहतो आणि सून जन्माने तिथलीच आहे. गेल्या दिवाळीत ती पुण्याला आली असता आमच्या घराण्याची वंशावळ तिने कौतुकाने पाहिली आणि परत गेल्यावर आपल्या आईकडचे पूर्वज शोधायला घेतले. जॉर्जिया राज्यातील एक शेतकरी तिला १८५० च्या शिरगणतीत सापडला. वय ३८, घरात २४ वर्षांची एक स्त्री आणि १५ वर्षांच्या मुलीपासून एक वर्षाच्या बाळापर्यंत सहा मुले. त्याच वर्षीच्या गुलामांच्या तक्त्यात त्याच्या नावाखाली चार माणसे आहेत : ३० वर्षांची स्त्री, ११ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि २ वर्षांचा मुलगा. १८६० मध्ये सहा आहेत : ४० वर्षांची स्त्री, २१ वर्षांचा पुरुष, १२ वर्षांचा मुलगा आणि सात, चार व एक वर्षाची मुले. नावे कोणाचीच नाहीत. शिवाय १८४० मध्ये त्याच्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागात) या शेतकऱ्याच्याच नावाचे तिघे जण दिसतात. त्यांतला आमचा कोणता, ही निनावी माणसे कोण, आणि नातवासाठी आम्ही जी वंशावळ तयार करत आहोत तिच्यात हे सारे घालावे का? विहीणबाईंना हा विषय नकोसा वाटतो.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्याकडे जनगणनेचे वैयक्तिक तपशील गोपनीय असतात आणि संशोधकाच्या हाती फक्त आकड्यांचे गोषवारे येतात, त्यामुळे शिरगणतीतून पूर्वज शोधण्याची आपल्याला सवय नाही. अमेरिकेत मात्र ७२ वर्षे उलटली की घरोघरी भरलेले मूळ तक्ते सर्वांसाठी खुले होतात; १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. त्यांचा उपयोग करताना प्रत्येक दशकाचा तक्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी पक्के ठाऊक हवे. १७९० ते १८४० या काळात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी दाखवीत. घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव प्रथम १८५० मध्ये आले, पण कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिण्याचा रकाना १८८० पर्यंत नव्हता. म्हणून १८५० मधली ती २४ वर्षांची स्त्री बायकोच असेल असे गृहीत धरू नये. आणि ती बायको असली, तरी १५ वर्षांच्या मुलीची आई ती असणे शक्य नाही. बहुधा पहिली पत्नी वारली असावी. काउंटीच्या विवाहनोंदणीत या शेतकऱ्याचे दुसरे लग्न शोधावे. त्याची तारीख मिळाली की मोठी मुले कोणाची आणि धाकटी कोणाची हे बरेचसे उलगडेल, आणि दुसऱ्या पत्नीचे माहेरचे नावही बहुधा हाती येईल.

१८४० च्या तिघांचा निकाल वयांवरून लागू शकतो. आपला शेतकरी तेव्हा साधारण २८ वर्षांचा, म्हणजे गोऱ्या पुरुषांच्या २० ते ३० या रकान्यात एक आकडा हवा. थोरली मुलगी पाच वर्षांची, म्हणजे मुलींच्या ५ ते १० या रकान्यात एक. १८५० मध्ये ज्यांचे वय १० ते १४ आहे ती भावंडे पाच वर्षांखालच्या रकान्यात यायला हवीत. हीच पडताळणी गुलामांच्या रकान्यांतही करावी. त्यांचे वयोगट वेगळे होते : दहाखालील, १० ते २४, २४ ते ३६ आणि पुढे. १८५० मधली ३० वर्षांची स्त्री १८४० मध्ये विशीची असणार, आणि ११ वर्षांचा मुलगा तेव्हा तान्हा. ज्या घरात गोरे कुटुंबही जुळते आणि ही दोघेही जुळतात, ते घर आपले असण्याचा संभव बराच वाढतो. मात्र वये अंदाजाने सांगितली जात, एक-दोन वर्षांची चूक सर्रास होई, आणि ती स्त्री १८४० नंतर विकत घेतलेली किंवा वारशाने आलेलीही असू शकते. म्हणून रकाने जुळले नाहीत एवढ्यावरून कोणालाही वगळू नये.

जॉर्जियापुरते आणखी एक सांगायला हवे. त्या राज्याचे १७९०, १८०० आणि १८१० चे तक्ते जवळजवळ सगळेच नष्ट झालेले आहेत, त्यामुळे शेतकऱ्याच्या वडिलांपर्यंत जायचे तर काउंटीच्या वार्षिक करयाद्या पाहाव्या लागतील. त्यांत करदात्याच्या नावापुढे जमिनीचे एकर, ती कोणत्या ओढ्याकाठी आहे ते आणि गुलामांची संख्या मांडलेली असते. एकाच नावाच्या तिघांना वेगळे करायला ओढ्याच्या नावाएवढा चांगला पुरावा क्वचितच मिळतो. १८०५ ते १८३२ या काळात क्रीक आणि चेरोकी या मूळनिवासी लोकांकडून बळकावलेली जमीन जॉर्जियाने सोडत काढून गोऱ्या नागरिकांना वाटली. त्या सोडतींच्या याद्यांतही माणूस कोणत्या काउंटीचा हे कळते. हा शेतकरी उभा होता ती जमीन कोणाची होती, हेही त्यातूनच समजते.

आता निनावी माणसांविषयी. १८५० च्या शिरगणतीच्या मूळ आराखड्यात गुलामांचीही नावे लिहिण्याची तरतूद होती. दक्षिणेतील सेनेटरांनी विरोध केला आणि नावाच्या जागी अनुक्रमांक आला. एका ओळीत वय, स्त्री की पुरुष, आणि रंगासाठी ‘बी’ किंवा ‘एम’ हे अक्षर, एवढीच काय ती एका माणसाची नोंद. १८६० मध्ये त्या देशात अशी ३९,५३,७६० माणसे होती, त्यांतली ४,६२,१९८ एकट्या जॉर्जियात. ‘बी’ म्हणजे कृष्णवर्णीय, ‘एम’ म्हणजे मिश्र वंशाचे. ते प्रगणक नजरेनेच ठरवीत असे. आपल्या सूनबाईंनी १८६० मधल्या लहान मुलांपुढे कोणते अक्षर आहे ते जरूर पाहावे. आईपुढे ‘बी’ आणि मुलांपुढे ‘एम’ असेल, तर त्यांचा बाप गोरा असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. तो घरातलाच होता की बाहेरचा, हे तक्ता सांगत नाही, आणि आपणही तक्त्याच्या जोरावर सांगू नये. आणखी एक सावधगिरी अशी की, गुलाम ज्याच्या शेतावर काम करताना आढळेल त्यालाच मालक समजावे, अशी प्रगणकांना सूचना होती. त्यामुळे भाड्याने घेतलेला दुसऱ्याचा गुलामही या शेतकऱ्याच्या नावाखाली लागलेला असू शकतो.

आपण दिलेल्या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर तीस वर्षांची स्त्री चाळीसची होते, अकराचा मुलगा एकवीसचा आणि दोनचा बाराचा. हे एक घर असावे असे मला वाटते, पण तो अजून तर्कच आहे. माझे लक्ष गेले ते मात्र त्या आठ वर्षांच्या मुलीकडे. १८६० मध्ये ती अठरा वर्षांची असायला हवी होती, आणि ती यादीत नाही. ती वारली असेल, विकली गेली असेल, किंवा शेतकऱ्याच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले तेव्हा तिच्यासोबत दिली गेली असेल. दक्षिणेतील जमीनधारक कुटुंबांत मुलीला लग्नात गुलाम देण्याची चाल होती. म्हणून थोरलीच्या नवऱ्याचे नाव काढावे आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यात त्याच्या नावाखाली अठरा-एकोणीस वर्षांची एकटी मुलगी आहे का ते पाहावे. असेल, तर काउंटीच्या दस्तनोंदणीत बक्षीसपत्र शोधावे. १८५० आणि १८६० चे मृत्यूंचे तक्तेही आहेत, पण त्यांत १ जूनपूर्वीच्या एकाच वर्षातले मृत्यू आहेत; तिथे ती न सापडल्याने ती जिवंत होती असे ठरत नाही.

नावे मिळण्याची खरी जागा म्हणजे मृत्युपत्रे आणि मृताच्या मालमत्तेच्या याद्या. शिरगणतीने जे नाव गाळले ते मालमत्तेच्या यादीत लिहावेच लागे, कारण वारसांमध्ये वाटणी करायची असे. घोडा, नांगर, मक्याचे पोते आणि त्यांच्याच रांगेत एका स्त्रीचे नाव व तिची डॉलरमधली किंमत, अशी ती पाने असतात. ती वाचणे सोपे नाही, आणि सूनबाईंना त्याची आधी कल्पना असलेली बरी. शेतकऱ्याच्या वडिलांची, सासऱ्यांची आणि निपुत्रिक चुलत्यांचीही कागदपत्रे पाहावीत, कारण ती तीस वर्षांची स्त्री कुठून आली याचे उत्तर बहुधा तिथेच असेल. १८६० च्या तक्त्यातील जंगम मालमत्तेचा आकडा १८७० च्या आकड्याशी ताडून पाहावा. पहिल्यात माणसांची किंमत धरलेली असे, त्यामुळे दुसरा एकदम खाली आलेला दिसेल.

मग १८७०. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या सर्वांची नावे याच शिरगणतीत प्रथम आली. त्याच भागात साधारण ५०, ३१ आणि २२ वर्षांची कृष्णवर्णीय माणसे शोधावीत, आडनावावर मात्र अडून बसू नये. पुष्कळांनी शेवटच्या मालकाचे आडनाव लावले नाही. कोणी आधीच्या मालकाचे लावले, कोणी स्वतः निवडलेले. १८६५ ते १८७२ या काळातील फ्रीडमन्स ब्युरोचे (मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याचे) मजुरीकरार आणि त्यांच्याचसाठी असलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्या याच कामी येतात. बँकेच्या सुरुवातीच्या अर्जांत आईवडील, भावंडे आणि पूर्वीच्या मालकाचे नाव विचारलेले आढळते. करारातली किंवा खातेवहीतली एक ओळ जुळली, तर तर्काचा पुरावा होतो.

वंशावळीत घालावे का, याचे माझे उत्तर स्पष्ट आहे : घालावे. त्या शेतकऱ्याच्या नावापुढे तो काय पिकवीत होता हे लिहिताना कोणाच्या श्रमावर पिकवीत होता हे गाळणे म्हणजे १८५० मध्ये जे केले गेले तेच पुन्हा करणे. जे सिद्ध झाले ते ठाम लिहावे आणि जो तर्क आहे त्यापुढे तसे नमूद करावे. विहीणबाईंवर हा विषय लादू नये, पण त्यांच्यासाठी पान कोरेही ठेवू नये. त्यांना अवघडल्यासारखे वाटणे मी समजू शकतो. आपल्या पेशवाईतील पुण्यातही कुणबिणींची, म्हणजे गुलाम स्त्रियांची, खरेदीविक्री होत होती, आणि आपली कुळवृत्तांते त्याविषयी फारशी बोलत नाहीत. शक्य तर सूनबाईंनी हे काम शाळेच्या गृहपाठासारखे एकट्याने न करता, त्या सहा जणांचे वंशज सापडले तर त्यांच्यासोबत करावे. शेतकऱ्याच्या घरातील कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी असलेले जुने बायबल, पत्रे हे त्यांना दुसरीकडे मिळणार नाही. सूनबाईंकडे असेल, तर ते त्यांना दाखवणे हे आपले कर्तव्य मानावे.

प्रश्न : हे तक्ते पुण्यात बसून पाहता येतात का? आणि १८९० चे पान कुठेच का मिळत नाही?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : पाहता येतात. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडले की बहुतेक तक्त्यांच्या प्रतिमा दिसतात. सूचीवर विसंबू नये, मूळ प्रतिमा उघडावी आणि मागची-पुढची दोन पाने वाचावीत, कारण नातलग अनेकदा शेजारीच राहत.

१८९० चे तक्ते वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीत आणि ती विझवताना ओतलेल्या पाण्यात खराब झाले. पुढे उरलेलेही नष्ट करण्यात आले. आज देशभरातील सुमारे ६,१६० नावेच शिल्लक आहेत. म्हणून १८८० वरून थेट १९०० वर जावे लागते. त्या वर्षी जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षे झाली, आणि स्त्रीला किती मुले झाली व त्यांतली किती हयात आहेत, हेही विचारले होते. मुक्त झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत या शेवटच्या दोन आकड्यांतील फरक नीट टिपून ठेवावा. एखादे मूल यादीत नाही म्हणून ते वारले असे मानण्याआधी, आई स्वतः त्याला हयात समजत होती का, हे त्यातून कळते.