थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात भरतो का?

प्रश्न असा आहे की अमेरिकी लष्करात साध्या आजारासाठी आलेल्या सैनिकालाही आत्महत्येबद्दल का विचारतात, आणि त्याने उलट धोका वाढत नाही का.

नाही, वाढत नाही. यावर भरपूर संशोधन झालंय, आणि अनेकांना कुणीतरी विचारलं याने हायसंच वाटतं.

सैनिक मानसोपचारतज्ज्ञाकडे सहसा आपणहून जात नाही. बढतीवर परिणाम होईल, सोबतचे काय म्हणतील, ही भीती असते. पण गुडघा दुखतो, झोप लागत नाही म्हणून तो नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. म्हणून कुणाला धोका आहे हे ओळखणारी गाळणी तिथेच लावायची. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न हाच आहे: गेल्या २ आठवड्यांत मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार किती वेळा आले? उत्तर 'कधीच नाही' सोडून काहीही असलं, तर पुढे आत्महत्येचा धोका तपासणारी कोलंबिया प्रश्नावली घेतात. त्यात नुसता विचार, ठरवलेली योजना आणि पूर्वीचा प्रयत्न हे वेगवेगळं विचारतात.

माझ्या मते खरं काम यानंतरचं. तिथल्या सैनिकांच्या बहुतेक आत्महत्या बंदुकीने होतात, म्हणून घरातली बंदूक कुलपात कशी राहील हे डॉक्टरने त्याच्याशी तेव्हाच बोलायला हवं. कागदावर खूण करून घेतली आणि 'पुढचा' म्हटलं, तर त्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

भारतात कुणाला गरज असेल तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला.