ठळक अक्षराच्या पोटातली जागा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

नाट्यमहोत्सवाचं तुझं इंग्रजी पोस्टर भिंतीला लावलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. मथळ्याला क्लॅरेंडन हे ठळक अक्षरवळण घेतलंस, फार छान केलंस. पण खालच्या सहा ओळीही त्याच ठळक वळणात लावल्यास आणि तिथे नुसता काळा ठोकळा झाला.

ही स्लॅब सेरिफ अक्षरं, म्हणजे टोकांच्या आडव्या रेघा (सेरिफ) जाड पट्ट्यांसारख्या असलेली, आली कुठून ते बघ. १८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्याने ती ‘अँटिक’ नावाने आपल्या नमुनापुस्तकात छापली. जाहिराती भिंतींवर आल्या होत्या, अक्षराला रस्त्यापलीकडून हाक मारायची होती. म्हणून सेरिफची नाजूक टोकं गेली आणि दांड्याइतक्याच जाड पट्ट्या आल्या. मोठ्या आकारात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जड पडत. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने राउटर या कोरणाऱ्या यंत्राने लाकडी खिळे कापायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हातभर उंचीची अक्षरं छापखान्यांना परवडू लागली.

क्लॅरेंडन १८४५ चं. लंडनच्या रॉबर्ट बेस्लीच्या टाइप फाउंड्रीचं (खिळे ओतण्याच्या कारखान्याचं), ठसे बेंजामिन फॉक्सने कोरलेले. शब्दकोशातला मूळ शब्द बाकीच्या मजकुरातून उठून दिसावा, हे त्याचं काम. एक शब्द, अख्खा परिच्छेद नव्हे.

आता मोठ्या ‘आर’कडे बघ. पट्टी दांड्याला काटकोनात आदळत नाही, हलक्या वळणाने मिळते. उजवा पाय खाली टेकून पुन्हा वर वळतो. आणि पोटातली पांढरी जागा? दांडा इतका जाड असूनही ती मोकळी आहे. मी आधी तीच बघतो. तुझ्या मथळ्यात अक्षरं इतकी जवळ ओढली आहेस की शेजारच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. कागदावर शाई थोडी पसरतेच, मग ‘ई’च्या फटीही बुजतात. अंतर डोळ्यांनी लाव, सॉफ्टवेअरच्या आकड्यावर सोडू नकोस.

जुनेपणासाठी ओरखडे असलेला फाँट वापरलास, तो काढ. लाकडी खिळ्यांत प्रत्येक खिळ्याची झीज वेगळी असते. तुझ्या दोन्ही ‘ई’ंवर एकाच जागी एकच ओरखडा आहे! जुनेपण अक्षराच्या घडणीतच आहे, ते वरून लावायला नको.

मराठी पोस्टर करशील तेव्हा देवनागरीला या पट्ट्या चिकटवू नकोस, एवढं माझं ऐक. शिरोरेषा आधीच भक्कम असते, आणि ठळक वळणात ‘क्ष’, ‘ष्ट्र’ लगेच गुदमरतात. तिथे आधी जोडाक्षरांना श्वास घ्यायला जागा कर, जाडी मागाहून वाढव.

मथळा तीन शब्दांवर आण. तारीख, नाट्यगृह, तिकिटं साध्या हलक्या वळणात. नवा नमुना पीडीएफ नको, ए३ वर छापून पाठव. भिंतीवर जागा रिकामी ठेवली आहे.