एबीएसचा पंप उघडण्याआधी

एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाय आणि स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड वाचणारं उपकरण, पंप मोटरकडे बोट दाखवतोय, म्हणून लगेच पाना हातात घेऊ नकोस. आधी फ्यूज, रिले आणि मुख्य म्हणजे अर्थिंगची वायर बघ. माझ्या गाडीत ती वायर जिथे बॉडीला बसते त्या बोल्टखाली हिरवा थर साचला होता. पॉलिश पेपरने घासून घट्ट केल्यावर मोटर पुन्हा फिरायला लागली. गाडी कोकणात राहत असेल तर हे हमखास तपास.

तिथे सगळं ठीक निघालं तर मोटरचं कनेक्शन सोडव आणि तिला थेट 12 व्होल्ट दे, क्षणभरच. गुरगुरली तर दोष वायरिंगमध्ये किंवा कंट्रोल युनिटमध्ये. गप्प राहिली तर बहुतेक मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत किंवा अडकलेत.

बऱ्याच गाड्यांत ब्रेकचे पाइप न सोडता नुसती मोटर ब्लॉकवरून, म्हणजे ब्रेकचे पाइप जोडलेल्या धातूच्या ठोकळ्यावरून, निघते. तेवढंच काम घरी कर. मोटरच्या आत ब्रेक ऑइल दिसलं तर पंपाचं सील गेलंय. मग ब्रश बदलून काही होणार नाही, पंपाचं अख्खं युनिटच बदलावं लागेल.

हायब्रिड गाडी असेल तर मात्र हात लावू नकोस, कळकळीने सांगतो. तिथे बहुधा ब्रेकचा दाब पंपच तयार करतो आणि गाडी बंद असली तरी तो आत साठलेला असतो.