गावात लोकांना चालण्या-व्यायामाची सवय लागावी म्हणून ग्रामपंचायतीनं काय करावं?

ओपन जिम नंतर. आधी शाळेचं मैदान उघडा.

आमच्याकडं परभणी जिल्ह्यात व्यायामाची यंत्रं बसवली ती भर उन्हात. एप्रिलमध्ये सकाळी दहालाच दांड्याला हात लावता येत नाही. बाया मात्र पहाटे साडेपाचला पदर खोचून, पायात बूट घालून हायवेच्या कडेनं चालतात. मागून उसाचा ट्रॅक्टर आला की जीव मुठीत धरून खाली उतरायचं! त्यांच्यासाठी मैदान सकाळ-संध्याकाळ उघडं ठेवा, कडेनं मुरूम टाकून वाट करा, दोन दिवे लावा. शाळा व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्या.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं, लेकरांना रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते. मोठ्यांसाठी म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. शेतात राबणाऱ्याचं ते कामातच भरतं. काळजी दिवसभर दुकानात बसणाऱ्यांची आणि मोबाइलवरच्या पोरांची आहे.

आणखी एक. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, 30 वर्षांवरच्यांची बीपी-शुगर तपासतात. आशाताईंनी तिथंच चालणाऱ्यांचा गट जोडून द्यावा. शुगर निघाली त्या दिवशी माणूस खरंच ऐकतो.